दुसरा अल्बम आणि आजींचा अंगठा

माझ्या दुसऱ्या अल्बमचं काम मुंबईत एका नामवंत संगीत निर्मात्यांकडे झालं, त्यांना आम्ही सर म्हणतो. गावात भेटेल तो विचारतो, सर रागावतात का? नाही रागावत. स्टुडिओतलं सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते एका कागदावर, आणि त्याचा माझा राग अजून उतरलेला नाही.

अल्बम भुलाबाईच्या, म्हणजे पार्वतीच्या, गाण्यांचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसते आणि पोरी टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. एका गाण्याची सुरुवात सरांनी शेजारच्या आजींच्या आवाजात ठेवली. ओसरीवर मी फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग. मागे शेळी ओरडते, तीही त्यांनी काढू दिली नाही. यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मग अल्बम काढणाऱ्या कंपनीचा फॉर्म आला. गाणं पारंपरिक, त्यामुळे शब्दांवर कुणाची मालकी नाही. पण गाणाऱ्याचा हक्क वेगळा, कॉपीराइट कायद्यात तो 50 वर्षं टिकतो. तेव्हा आजींची लेखी संमती मागितली, हे बरोबरच. पण कंपनीला ती फक्त आधारच्या ई-साइननेच हवी होती! ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर आजींच्या मुलाचा, कधीचाच बंद पडलेला. नंबर बदलायला केंद्रावर गेलो, तर मशीन बोटं घेईना. जन्मभर कापूस वेचून, निंदण करून आजींच्या बोटांवरच्या रेघाच झिजल्यात. ऑपरेटर म्हणाला, हात धुऊन या. धुतले. जोरात दाबा. दाबलं. मग सर्व्हर गेला. पुन्हा गेलो तर लाइन नाही. बुबुळांवरूनही ओळख पटवता येते, असं मी म्हटलं, तर ते यंत्र बिघडलंय म्हणून त्याने पुढच्याला बोलावलं. बाकावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "कायले एवढी धावपय करतं बाई, माहं नाव नसलं तरी चालते."

मला चालत नव्हतं. कंपनीचं उत्तर मात्र दर वेळी तेच: आजींचा तुकडा काढा, तुम्हीच गाऊन भरा.

वाट दाखवली यवतमाळच्या एका वकिलांनी. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे ज्याला नाव लिहिता येत नाही त्याने केलेली खूणही सहीच धरली जाते. मराठीत मजकूर लिहिला, आजींना वाचून दाखवला, तशी नोंद केली, अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. सरांनी स्वतः फोन करून सांगितलं, हा कागद चालत नसेल तर हे गाणंही देत नाही. लगेच मंजुरी आली. माझ्या इतक्या मेलना जे जमलं नाही, ते त्यांच्या एका फोनने झालं, हे मला अजून टोचतं.

तेव्हा कुणाचा आवाज घेणार असाल तर संमतीचा कागद त्याच दिवशी, त्याच ओसरीवर करा. त्यात रॉयल्टीचा वाटा लिहाच. 2012 च्या दुरुस्तीपासून आवाजाचा व्यावसायिक वापर झाला तर गाणाऱ्यालाही रॉयल्टी मिळायला हवी. आणि हो, मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो, पेनड्राइव्हवर ठेवा. रॉयल्टी आजींच्याच खात्यात जावी म्हणून त्यांच्या पासबुकाची झेरॉक्स मी कागदासोबतच जोडून दिली.