पेनमनिदची वाट: वेल्समधल्या कुळशोधाची सहल

वेल्समध्ये पूर्वज शोधायला निघालात तर उलटा अनुभव येतो. तेराव्या शतकातली माणसं बापआजाच्या नावांसकट समोर उभी राहतात, आणि १७०० सालचा खापरपणजोबा मात्र काही केल्या सापडत नाही. प्रवास आखतानाच हे धरून चाला.

आमच्या विहीणबाई अँगलसी बेटावरच्या. आडनाव जोन्स, म्हणजे शोधापुरतं आडनाव नसल्यातच जमा. घरात पूर्वापार सांगत आलेत की आपलं कूळ एडनेव्हेद व्हखनचं. हा गृहस्थ उत्तर वेल्समधल्या ग्वीनेद राज्याच्या लिवेलिन राजाचा कारभारी, १२४६ साली वारला. त्याच्याच वंशात पुढे इंग्लंडचे ट्यूडर राजे झाले, त्यामुळे त्याच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. लेक-जावई, विहीणबाई आणि मी असे गाडी काढून निघालो.

पहिला मुक्काम ऍबरिस्टविथ. नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्स टेकडीवर आहे आणि स्टेशनपासूनचा चढ दमछाक करणारा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सी करा. वाचनालयाच्या कार्डाची नोंदणी आधीच ऑनलाइन करा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. आत पेन्सिलच चालते. पण खरं सांगायचं तर निम्मं काम घरबसल्या होतं. १८५८ पूर्वीची वेल्समधली मृत्युपत्रं या लायब्ररीने स्कॅन करून फुकट उघडी ठेवली आहेत. आम्हाला एक सापडलं, त्यात थोरल्याला बैल आणि धाकटीला पितळेचं पातेलं ठेवलं होतं. विहीणबाईंनी त्या पातेल्याची नोंद दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

आता मधली अडचण. आपल्याकडे बापाचं नाव मधे येतं आणि पुढे आडनाव असतं. इथे ते आडनाव काढून टाका. रॉबर्टचा मुलगा जॉन, तो जॉन रॉबर्ट्स. त्या जॉनचा मुलगा विल्यम, तो विल्यम जोन्स. सरदार-जमीनदार घराण्यांनी सोळाव्या शतकापासून कायमची आडनावं धरली, साध्या शेतकऱ्यांत मात्र, विशेषतः अँगलसीसारख्या भागात, ही रीत अठराव्या शतकातही चालू होती. चर्चच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण वेल्समध्ये इतक्या जुन्या वह्या फार थोड्या उरल्यात. म्हणून माणसाच्या नावामागे न लागता शेताच्या नावामागे लागा. दहा विल्यम जोन्स एकाच गावात भेटतील, पण शेताचं नाव पिढ्यानपिढ्या तेच राहतं.

मग मध्ययुग सोपं कसं? कारण तेव्हा वंशावळ हा मिरवायचा विषय नव्हता, व्यवहाराचा होता. वेल्सच्या जुन्या कायद्यात बापाची जमीन मुलांत सारखी वाटली जायची, आणि कुणाच्या हातून खून झाला तर ‘गलानस’ नावाची भरपाई साऱ्या भावकीला भरावी लागे. आपला भाऊबंद कोण, हे पाठ नसेल तर खिशाला चाट! भाट ही कुळं सांभाळत, पुढे ती हस्तलिखितांत उतरली. पीटर बार्ट्रम नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने ती जुळवून इसवी सन ३०० ते १५०० पर्यंतचे तक्ते खंडच्या खंड भरून छापले. ऍबरिस्टविथ विद्यापीठाने ते ऑनलाइन ठेवलेत. तक्ते मूळपुरुषाच्या नावाने लावलेले आहेत. एडनेव्हेद हवा असेल तर ‘मारखिद’ या कुळात बघा. मात्र सर्वांत वरच्या पिढ्या दंतकथाच समजा. इंटरनेटवरचं एखादं झाड पार दंतकथेतल्या ट्रॉय नगरीपर्यंत गेलेलं दिसलं की बेलाशक बंद करा.

ऍबरिस्टविथहून उत्तरेला गाडी नसेल तर बँगरला जाणारी टी-२ बस आहे. वळणावळणाचा रस्ता आहे, पोटात ढवळणाऱ्यांनी पुढे बसावं.

कॉनवीला थांबा, पण किल्ल्यात दिवस घालवू नका. इथली आपल्या कामाची गोष्ट १४०१ च्या गुड फ्रायडेची: किल्ल्यातली इंग्रजांची शिबंदी प्रार्थनेला गेलेली असताना एडनेव्हेदच्या वंशातले र्‍हीस आणि ग्विलिम हे भाऊ सुतारकामाचा बहाणा करून किल्ल्यात शिरले आणि तो ताब्यात घेतला. इंग्रजांविरुद्ध उठलेला बंडखोर ओवाइन ग्लिंडूर त्यांचा मावसभाऊ.

अँगलसीवरचं पेनमनिद हे खरं ठिकाण, ट्यूडरांचं मूळ गाव. मेनाय ब्रिजहून लांगेव्हनीकडे जाणारा बी-५४२० रस्ता धरा. ट्यूडरांचं जुनं घर खासगी आहे, आत कुणी राहतं, तेव्हा फाटकात घुसू नका. चर्च गावापासून आडबाजूला आहे. उघडं असेल या भरवशावर जाऊ नका. आधी फोन करून किल्लीची सोय लावा. आत र्‍हीस-ग्विलिमचाच आणखी एक भाऊ गोरोन्वी (मृत्यू १३८२) आणि त्याची बायको मव्हान्वी यांची अलाबास्टर दगडाची समाधी आहे. वर कोरलेला तो चिलखतात, ती शेजारी. बेटावरच्याच लानव्हाइसचा मठ मोडल्यावर ही समाधी इथे आणली असं मानतात. दगड जागोजागी टवका उडालेला. डोळ्यांच्या विकारावर गुणकारी म्हणून लोक त्याचे तुकडे फोडून नेत! मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर कोरीवकाम चांगलं दिसतं; समोरून फ्लॅश मारू नका.

बेटावरच्याच ब्यूमॅरिस गावच्या चर्चच्या पडवीत लिवेलिनची बायको, म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी जोन (मृत्यू १२३७), हिची म्हणून दाखवली जाणारी दगडी शवपेटी आहे. मधल्या काळात ती घोड्यांना पाणी पाजायचा हौद होती.

आमचा धागा अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या मृत्युपत्रापाशी तुटतो. एडनेव्हेदच्या बाजूने खाली उतरत आलो तर पंधराव्या शतकात संपतो. मधली दोन-अडीचशे वर्षं कोरी. विहीणबाईंचं म्हणणं, पुरावा नाही म्हणजे नातं नाही असं थोडंच आहे. जावयाचं म्हणणं नेमकं उलटं. मी जावयाच्या बाजूची आहे, पण गाडीत पुढच्या सीटवर विहीणबाई होत्या आणि नकाशाही त्यांच्याच हातात होता, म्हणून गप्प बसले. पुढच्या खेपेला शेताच्या नावावरून मोठ्या इस्टेटींची भाडेपट्ट्यांची कागदपत्रं बघायची आहेत. बँगर विद्यापीठाच्या अभिलेखागारात त्या भागातल्या इस्टेटींची दप्तरं आहेत. तिथे वेळ आधी ठरवूनच जा.