जुन्या पीसीवर उबंटू, झुबंटू की लुबंटू?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यांत, राजारामपुरीतल्या क्लासेसमध्ये ४ जीबी रॅमचे पीसी अजून भरपूर आहेत. ते भंगारात घालू नका. विंडोजऐवजी त्यांवर उबंटू ही मोफत लिनक्स प्रणाली किंवा तिच्याच झुबंटू, लुबंटू या आवृत्त्या चालतात.

तिन्हींचा गाभा एकच: तोच कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा मूळ भाग), तेच सॉफ्टवेअर भांडार. फरक डेस्कटॉपचा, म्हणजे पडद्यावरच्या मेनू-खिडक्यांचा. उबंटूत ग्नोम, झुबंटूत एक्सएफसीई, लुबंटूत एलएक्सक्यूटी. ४ जीबीवर ग्नोम चालतो, पण ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की स्वॅप सुरू होतो (रॅम भरून डिस्क वापरली जाते) आणि हार्ड डिस्क करकरत बसते. तिथे झुबंटूच घ्या. २ जीबी असेल तर लुबंटू, पण ब्राउझर सगळीकडे तेवढीच रॅम खातो, हे धरून चाला. खरा फरक हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी बसवल्याने पडतो.

मुदतही बघा. २४.०४ एलटीएसला (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला) मूळ उबंटूत ५ वर्षं अपडेट, बाकी दोघांना ३. प्रोसेसर ६४-बिट हवाच.

एकावर दुसरा डेस्कटॉप चढवू नका. मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर येतात आणि काढताना गुंता होतो. आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, 'ट्राय' करून वायफाय, प्रिंटर तपासा.

मराठी टायपिंगला कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) निवडा. प्रेसवाल्यांनी मात्र सावध राहावं: बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) जुन्या लग्नपत्रिका लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं दाखवतात. मजकूर शाबूत असतो. तोच फॉन्ट घातला की परत दिसतो. विंडोज पुसण्याआधी फॉन्टचं फोल्डर कॉपी करून ठेवा.