चाळीस काड्या

दुपारी डोळा लागत होता तेवढ्यात फोन किणकिणला. हिरवी खूण. 'सा रे ग म, रे ग म प : ४० वेळा, लय ६०. पूर्ण.' सलग बारावा दिवस म्हणून आमच्या विद्यार्थिनी बाईसाहेबांना एक छोटी ज्योतही मिळाली होती.

महिनाभर मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचा रियाज ॲपवर लावून देतोय. कुठला पलटा (म्हणजे सरावासाठी स्वरांची ठरावीक मांडणी), किती वेळा, कधीपर्यंत. पलट्यांना तसा अंत नाही. सात स्वर एकेकदाच घेऊन उलटसुलट मांडले तरी ५०४० प्रकार होतात. संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाने १३व्या शतकातच 'खंडमेरू' नावाचा तक्ता मांडून त्यांचा हिशोब लावून ठेवलाय. रोज एक दिला तरी जवळजवळ १४ वर्षं. ॲपमध्ये 'शेवटची तारीख' असा रकाना आहे. तो मी रिकामा सोडतो.

सोबत रेकॉर्डिंग होतं. ऐकलं. दहाव्या वेळेपासून 'ग म प ध'मधला धैवत उतरू लागला, मग लय पळाली, मग कुणीतरी नळ सोडला, आणि एकविसाव्यानंतर शांतता. खूण मात्र चाळिसांची.

रागवावं म्हटलं, पण या बाबतीत माझा इतिहास काही उजळ नाही. आमच्या बाई पेटीवर काड्या मांडायच्या. चाळीस, डावीकडे. पलटा एकदा झाला की एक काडी उजवीकडे. मग त्या आत कामाला जायच्या. काडी सरकवायला भात्यावरचा हात काढला की सूर मलूल व्हायचा. एवढ्यातेवढ्यासाठी सुराचे हाल कशाला, म्हणून मी एका दमात दोन काड्या सरकवायचो. (सुराची काळजी मला तेव्हापासूनच.) काड्या संपल्या, भाता मिटला, मी उठणार, तोच आतून आवाज :

"अर्ध्या राहिल्या रे."

हातातलं काम चालूच. डोकावूनही बघायच्या नाहीत. मी निमूट वीस काड्या पुन्हा डावीकडे मांडायचो. आतून सगळं मोजलं जातच होतं, तर मग काड्या कशाला होत्या, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

मुलीला लिहिलं, "एकोणीस राहिले. आणि धैवत बघ."

बराच वेळ ती टाईप करतेय असं दिसत राहिलं. मग उत्तर आलं :

"सर, तुम्ही खरंच ऐकता?"