तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटात कायदा कुठे सापडतो

"अहो, निकाल फुकट वाचायला मिळतात ती साइट कोणती, तेवढं सांगा." इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न सतत येतो, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

कायद्याचा मजकूर हवा तर इंडिया कोड, सरकारचीच साइट. सुप्रीम कोर्टाच्या निकालांसाठी डिजि-एससीआर, हायकोर्टांसाठी ई-कोर्ट्सचं जजमेंट सर्च. सगळं एकाच खिडकीत शोधायचं तर 2008 पासून चालू असलेलं इंडियन कानून. स्वतःच्या केसची पुढची पेशी बघायची तर ई-कोर्ट्सवर 16 अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक टाका. कुठेही पैसे पडत नाहीत. मी काही दडवून ठेवते असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सगळी नावं वर आहेत.

पण नाव मिळालं की लोक थेट निकालावर उडी मारतात, आणि तिथेच घात होतो. एकच उदाहरण सविस्तर देते, कारण यात बायकांचे हिस्से बुडतात.

प्रश्न असा: वडील 2005 च्या आधी गेले, तर वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतका हक्क आहे का? शोधलं की प्रकाश विरुद्ध फुलवती हा सुप्रीम कोर्टाचा 16 ऑक्टोबर 2015 चा निकाल समोर येतो. त्यात म्हटलंय की 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात हवेत. भाऊ त्याचं प्रिंट काढतो, बहिणीपुढे ठेवतो आणि हक्कत्यागावर सही मागतो. कागद खरा, कोर्ट खरं, तारीखही खरी. फक्त तो निकाल आता कायदा नाही. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो रद्दबातल ठरवला. मुलीचा हक्क जन्मानं येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. मधल्या काळात, 1 फेब्रुवारी 2018 ला, दानम्मा प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी 2001 मध्ये वारलेल्या वडिलांच्या मुलींना हिस्सा दिला होता. म्हणजे काही काळ दोन-दोन न्यायमूर्तींच्या पीठांचे दोन निकाल एकमेकांविरुद्ध उभे होते. यातला एकच ज्याच्या हाती लागला, त्याला दुसऱ्याचा पत्ताच नाही.

मग काय करायचं? निकालाच्या माथ्यावर 'आता लागू नाही' असा शिक्का असेलच असं धरू नका. इंडियन कानूनवर फुलवती उघडा. वर 'साइटेड बाय' असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारा. नंतरच्या कोणकोणत्या निकालांत याचा उल्लेख आला ती यादी उघडते. ती 'मोस्ट रिसेंट' क्रमानं लावा, त्यातले सुप्रीम कोर्टाचे निकाल वेगळे काढा आणि प्रत्येकात 'ओव्हररूल्ड' हा इंग्रजी शब्द शोधा. न्यायमूर्ती किती, तेही मोजा. तिघांपुढे दोघांचं चालत नाही.

त्याच्याही आधी कलम वाचा. इंडिया कोडवर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 6 उघडलंत तर तळटीप सांगते की 2005 च्या 39 क्रमांकाच्या कायद्यानं हे कलम बदललं, अंमल 9 सप्टेंबर 2005 पासून. ही बारीक अक्षरातली ओळ कुणी वाचत नाही, आणि सगळा वाद त्या तारखेवरच आहे. याच कलमात पुढे आहे की 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी मोडत नाही. तोंडी वाटणीचा दावा सहजी मान्य होत नाही, हेही विनीता शर्मातच आहे. आणि हे सगळं वडिलोपार्जित मिळकतीपुरतं. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर कलम 8 प्रमाणे मुलगी 1956 पासूनच पहिल्या वर्गातली वारस आहे.

आपल्या इंदुरात आणखी एक घोटाळा होतो. मराठीत शोधलं की महाराष्ट्राचा कायदा मिळतो. 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळणारी दुरुस्ती महाराष्ट्राची होती, मध्य प्रदेशची नव्हे. घरमालक-भाडेकरू तंट्याला इथे मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 लागतो. जमिनीला 1959 ची भू-राजस्व संहिता आणि खसरा. सातबारा इथे शोधू नका. मुंबई हायकोर्टाचा निकाल इंदूरच्या कोर्टात वाचून दाखवता येतो, पण तो बंधनकारक नाही. मध्य प्रदेश हायकोर्टाच्या आपल्या इंदूर खंडपीठाचा निकाल ओळखायचा तर न्यूट्रल साइटेशनमध्ये, म्हणजे कोर्टानंच निकालाला दिलेल्या ओळखक्रमांकात, 'एमपीएचसी'पुढे 'आयएनडी' बघा. 'जेबीपी' म्हणजे जबलपूर, 'जीडब्ल्यूएल' म्हणजे ग्वाल्हेर. ही तिन्ही एकाच हायकोर्टाची.

फौजदारीत तर 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले आणि कलमांचे आकडेच फिरलेत. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार 528 वर गेले. नुसतं '482' टाकून शोधलंत तर दोन्हींची खिचडी मिळेल. कायद्याचं नावही टाका. निकालात दोन शब्द बरोबरच हवे असतील तर इंडियन कानूनवर त्यांच्यामध्ये इंग्रजी 'अँड' मोठ्या अक्षरांत, शेवटी दोन डी लावून लिहावा लागतो. सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत.

पूर्वी मी सरळ सांगायचे, निकाल तुम्ही वाचू नका, वकिलाकडे जा. आता तसं म्हणवत नाही. ज्या बहिणीपुढे फुलवतीचं प्रिंट ठेवलं जातं, तिनं सहीच्या आधी 'साइटेड बाय' उघडून बघितलेलं मला हवं आहे. पण विनीता शर्मा वाचून कुणी एकटीनं दावा लिहायला बसलं, की माझं जुनं मत पुन्हा बरोबर वाटायला लागतं. मुदत, कोर्ट फी, पक्षकार कोणकोण करायचे, हे कुठल्याच निकालात एका जागी मिळत नाही. या दोन मतांत माझा निकाल अजून लागलेला नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी अडलेली असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. जाताना मिळकतीची रजिस्ट्री, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि कुणी सही मागितली असेल तर त्या कागदाची झेरॉक्स बरोबर न्या.