बाटली निम्मी झाली, पण प्रदूषण?

एखाद्या वस्तूचा कच्चा माल काढण्यापासून ती टाकून देईपर्यंत हवेत, पाण्यात आणि मातीत काय काय जाते, याचा हिशेब मी आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांनुसार मांडतो. एका कंपनीने कपडे धुण्याचा द्रव साबण नव्याने घडवून आमच्याकडे आणला होता. द्रव दुप्पट तीव्र, मात्रा निम्मी, बाटलीही निम्मी, आणि प्रदूषण किती टक्क्यांनी घटले तेवढे त्यांना हवे होते.

अशा तुलनेत एकक आधी ठरवावे लागते. किलोला किलो लावला तर तीव्र द्रव उगाचच वाईट ठरतो आणि बाटलीला बाटली लावली तर ती किती धुलाया पुरते हे दिसतच नाही. म्हणून आम्ही 'पाच किलो कपड्यांची एक धुलाई' हे एकक धरले. कागदावर सगळे चोख जुळत होते.

मग प्रत्यक्ष वापराच्या नोंदी आल्या. साचा बदलण्याचा खर्च टाळण्यासाठी मात्रा मोजायचे टोपण जुनेच ठेवले होते आणि बरेच लोक ते सवयीने पूर्वीइतकेच भरत होते. त्यांच्या घरी प्रत्येक धुलाईमागे सांडपाण्यात जाणारे सरफॅक्टंट, म्हणजे मळ सोडवणारे रसायन, दुप्पट झाले होते, आणि निम्मी बाटली निम्म्याच धुलायांत संपत असल्याने प्लास्टिकची बचतही उरली नव्हती. बैठकीत विपणन प्रमुखांनी विचारले, "मात्रा लेबलवर छापली आहे, मग दोष आमचा कसा?" प्रश्न अगदीच गैर नव्हता, पण गटारात जाते ती ओतलेली मात्रा, छापलेली नव्हे.

खरा फायदा भलतीकडेच होता आणि त्यांच्या सादरीकरणात त्याचा उल्लेखही नव्हता. नव्या मिश्रणातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) कपडे ४० ऐवजी ३० अंशांवर तितकेच स्वच्छ निघत होते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४० पर्यंत तापवायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते, ३० पर्यंत त्याच्या निम्मी. आणि वीज कोळशावरची असेल तर हवामानावरील परिणामाच्या रकान्यात हा फरक बाटलीच्या प्लास्टिकपेक्षा बराच मोठा दिसतो. अर्थात वापरणाऱ्याने यंत्राची कळ ३० वर फिरवली तरच.

त्यामुळे अहवालात एकच टक्केवारी न देता मात्रा आणि तापमान यांच्या चारही जोड्यांचे निकाल वेगवेगळे दिले. तुलनात्मक दावा जाहीर करायचा झाल्यास १४०४४ नुसार तज्ज्ञ समितीकडून परीक्षण करून घ्यावे लागते, हेही सांगितले. कंपनीने वेष्टनावरचा दावा तूर्त वगळला आणि लहान टोपणाच्या साच्याची मागणी नोंदवली.