कोण बघणार आहे

काकी बोलली ते चांगल्या मनानेच, हे मला माहीत आहे. "गोदामांतच वच गो, थंय तुका कोण पळोवचो ना." गोदामातच जा, तिथे तुला कोणी बघणार नाही, एवढं म्हणून ती नारळ किसायला बसली. मी मात्र तेव्हापासून तेच घोळवतेय.

शनिवार-रविवारसाठी दोन्हीकडून हो आलंय. पणजीत अठरा जून रस्त्यावरचं कपड्यांचं दुकान आणि कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं गोदाम. वहीत रकाने पाडले होते: पैसे, बस, जेवण, पाय. दुकानात रोज थोडा कमी, पण विक्रीवर इन्सेंटिव्ह. गोदामात रोज जास्त, पण उशीर झाला की कापाकापी. दुकान रात्री नऊला बंद होतं, त्यानंतर घरी साखळीला जायची बस मिळायची तर नवसच बोलावा लागेल. कुंडईला जाताना बाणस्तारीला उतरून फोंड्याची बस धरायची, आणि संध्याकाळी उजेडात घरी. हिशेब सरळ होता. 'कोण बघेल' हा रकाना त्यात नव्हता, तो काकीने घातला.

बघितलं तर काय होईल? मी काय चोरी करायला निघालेय? 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणारा टिपर ट्रक काही एकट्या आमच्याच अंगणात उभा राहिला नाही. पण काकीच्या वाक्यात तो टिपर होता, हे मला कळतं. बाबा समोरच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. जाऊ दे.

गेल्या रविवारी दुकानात ट्रायलला गेले होते. घडी घालताना शर्टाच्या पोटात पुठ्ठा धरायचा, बाह्या मागे, कॉलर वर, मग पुठ्ठा अलगद ओढून घ्यायचा. मला ते आवडलं, खरंच. आवडलं नाही ते दिवसभर उभं राहणं. केरळात 2018 पासून दुकानातल्या माणसांना बसायचा हक्क कायद्यानेच मिळालाय, तामिळनाडूनेही 2021 मध्ये तसं केलं. इथे एकच स्टूल, त्यावर कार्ड मशीनचा चार्जर बसलेला.

दुपारी आमच्याच वाड्यावरच्या एक बाई आल्या. चवथीला आमच्याकडे गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी बघायला येतात, करंज्या खाऊन जातात, त्याच. मला म्हणाल्या, "ह्यात एक्स्ट्रा लार्ज दाखव." मी काढून दिला. माझ्या हाताकडे बघितलं, टॅगकडे बघितलं, गेल्या. ओळखलं नाही, की ओळखून दाखवलं नाही? त्या रात्री मला रडू आलं. कशाचं ते नीट सांगता येणार नाही. ओळखलं असतं तर आवडलं असतं का? तेही नाही. मग मला हवंय तरी काय?

परवा गोदाम बघून आले. सुपरवायझरने हातात स्कॅनर दिला, त्यात आधी आपला नंबर टाकायचा, मगच तो चालू होतो. कुठल्या रॅकवरून काय उचललं, किती वेळ लावला, मध्ये किती वेळ नुसती उभी राहिलीस, सगळं त्यात चढतं. वर कॅमेरे. पाणी प्यायला गेले तर तिथेही एक. मला एकदम हसू फुटलं. काकी म्हणते कोण पळोवचो ना! दुकानात शंभर माणसं समोरून जातात आणि कुणाला मी दिसत नाही. इथे एक माणूस फिरकत नाही आणि माझी मिनिटं मोजली जातायत. लपायचंच असेल तर दुकानच बरं, हे काकीला कोण सांगणार.

सांगितलंही नाही. तिला वाटतंय मी तिचं ऐकलं, वाटू दे. मी ऐकलं ते बसच्या टायमाचं. शिवाय कुंडईला पॅकिंगच्या टेबलाजवळ बायका खोक्यांवर बसून टेप मारताना दिसल्या. खोकी का होईना, बूड टेकायला जागा आहे.

चवथीच्या आधी दुकानवाले पुन्हा बोलावतील, तेव्हा इन्सेंटिव्ह वाढवून मागायचा विचार आहे. सध्या अडलंय ते बुटांवर. गोदामात चप्पल चालत नाही. दादाचे जुने आहेत, दोन मोजे घातले तर बसतील.