वाळूला लावलेले कान

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मित्राने आदल्या दिवशी तीनदा पाठवलं. सकाळी 9 वाजता पाणी सगळ्यात खाली जाणार, म्हणून आपण 7 लाच पोचायचं आणि उतरत्या पाण्याच्या मागेमागे चालत जायचं. किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर चालवायची परवानगी त्याने आधीच काढून ठेवली होती. मी फक्त हजर राहायचं होतं.

त्याने मला त्याचं जुनं यंत्र दिलं. एक लांब दांडा, टोकाला ताटाएवढी गोल कॉइल, मुठीपाशी छोटा पडदा. हेडफोन लावले आणि मोठ्या ऐटीत निघालो. दहा पावलं झाली असतील नसतील, मागून ओरडा आला.

"झाडू मारतोयस का? टोकाला कॉइल वर उचलतोयस तू!"

खरं होतं. झोका संपताना हात आपोआप वर जातो, आणि कॉइल वीतभर उचलली की तेवढी खोली हातची गेली. कॉइल वाळूला जवळजवळ घासत, समांतर ठेवायची. शिवाय प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा तरी चढला पाहिजे. अर्ध्या तासात खांदा भरून आला.

पण मला सिग्नल मिळत होते! डावीकडे झोका गेला की हमखास आवाज. मी चार खड्डे खणले, चारही रिकामे. मित्राने थोडा वेळ नुसतं पाहिलं आणि विचारलं, "बूट कुठले घातलेस?"

पुढे पोलादी टोपी असलेले, कारखान्यात वापरायचे. मजबूत म्हणून मुद्दाम घालून आलो होतो. डावा पाय पुढे पडायचा आणि कॉइल इमानदारीने माझाच अंगठा शोधून द्यायची. गाडीत त्याच्या जादा रबरी चपला होत्या, त्या घालून उरलेला दिवस काढला.

या फजितीत मी एकटा नाही, एवढंच समाधान. 2 जुलै 1881 ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन गेला. गोळी सापडली नाही. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला असं म्हणतात. शिवाय डॉक्टरांनी त्याला उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

तत्त्व आजही साधारण तेच आहे. कॉइलमधल्या बदलत्या विजेमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याने जमिनीतल्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलला परत कळतं. गंमत म्हणजे खारी ओली वाळूही वीज वाहून नेते. त्यामुळे पाण्याच्या कडेला पोचलो तसं माझं यंत्र वेड्यासारखं किरकिरायला लागलं. मित्राने संवेदनशीलता उतरवली, कॉइल चार-पाच वेळा वाळूवर वरखाली करून यंत्राला ती वाळू 'ऐकवली', तेव्हा कुठे ते शांत झालं.

मग खरी मोजदाद सुरू झाली. बाटल्यांची गंजकी झाकणं, शिशाची गळाची वजनं, फॉइलचे बोळे आणि कॅनच्या कड्या. कड्या तर इतक्या की तासाभरात मी वैतागलो. पडद्यावर प्रत्येक वस्तूचा आकडा येतो. या यंत्रावर लोखंड तळाला, चांदी-तांबं वर, फॉइल आणि कड्या मधे. मी सरळ मधला पट्टाच बंद करून टाकला. काय शांतता पसरली! मित्र काही बोलला नाही. माझ्याच पावलांवरून मागून येत राहिला.

तो वाकला ते माझ्यापासून वीस पावलांवर, मी नुकताच पार केलेल्या जागी. भोकाभोकांच्या फावड्यात वाळू घेऊन पाण्यात हलवली. वाळू गळून गेली, दोन शिंपले राहिले आणि त्यांच्यामध्ये एक बारीक अंगठी. सोनं असंच असतं: लोखंड काळवंडतं, तांबं हिरवं होतं, ही मात्र कालच बोटातून निसटल्यासारखी पिवळीधमक. आतल्या बाजूला तारीख कोरलेली, निम्मी झिजलेली.

"आकडा किती आला?" मी विचारलं.

"47. कडी समजून खणलं."

बारीक सोन्याचा आकडा आणि कडीचा आकडा एकाच पट्ट्यात पडतो, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही आहेच. अंगठी तो पोलिसांकडे जमा करणार होता. फोटो काढताना त्याने तारीख बोटाने झाकली, जो हक्क सांगेल त्याने ती स्वतः सांगावी म्हणून.

खडकावर टेकलो तेव्हा त्याने हॉक्सनची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात 1992 मध्ये एरिक लॉज नावाचा माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता. त्याला रोमन काळातला खजिना लागला, जवळपास 15,000 नाणी. माझ्या मित्राला त्यातलं सोनं महत्त्वाचं वाटत नाही. लॉजने पुढे खणणं थांबवून कळवलं आणि पुरातत्त्वज्ञांना खजिना जागच्या जागी, जसा पुरला होता तसा बघता आला, हे तो दोनदा सांगतो. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पाणी फिरलं होतं. मी मधला पट्टा परत चालू केला आणि येईल तो आवाज खणायला लागलो: कडी, फॉइल, कडी. प्रत्येक खड्डा बुजवत, कचरा पिशवीत टाकत. अगदी शेवटी, पाणी घोट्याला लागत असताना, एक स्वच्छ सिग्नल आला. डावीकडून येऊ दे की उजवीकडून, तोच आवाज, तोच आकडा. फावडं घातलं तर खड्डा लगेच पाण्याने भरला. पुन्हा घातलं, कडा ढासळल्या. तिसऱ्यांदा लाट गुडघ्यापर्यंत आली आणि मित्राने माझ्या शर्टाची मागची बाजू धरून मला ओढलं.

"चल आता. कडीच असेल."

"असेल."

गाडीत यंत्रं ठेवून झाल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आकडा?"

"49."

त्याने मागे वळून पाण्याकडे पाहिलं. मग फोन काढून पुढची मोठी ओहोटी कधी आहे ते बघायला लागला. पंधरा दिवसांनी.